झाड घरात का आलं? गांजा, टाइमर आणि हेलिकॉप्टर

हेडफोन लावलेत ना? कारण आजच्या एपिसोडमधल्या झाडाचं नाव घरी स्पीकरवर वाजलं, तर आई आधी आवाज बंद करायला सांगेल आणि मग चौकशी सुरू करेल. आजचा विषय आहे गांजाचं झाड. पण ओढणं, नशा, बॉलिवूड वगैरे काही नाही. आजचा प्रश्न अगदी साधा आहे: हे झाड घरात कसं काय आलं?

परदेशातले 'बिगिनर' व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी स्क्रोल करताना पाहिले असतील. बेडरूमच्या कोपऱ्यात कपाटाएवढा एक तंबू असतो. आतून चंदेरी कापड, वर एलईडीचं पॅनेल, कोपऱ्यात एक छोटा पंखा, खाली चार कुंड्या. कुंडीत बोटभर रोप: तळाशी दोन गुळगुळीत दलं, त्यावर करवतीसारख्या कडांची पहिली दोन पानं. नवखा माणूस कॅमेऱ्यासमोर काळजीत असतो. रोप लांबुळकं का झालं, पान पिवळं का पडलं, हे नर आहे की मादी. आणि भिंतीवर एक टाइमर असतो. आधी अठरा तास उजेड, सहा तास अंधार. मग एके दिवशी तो टाइमर फिरवतो: बारा तास उजेड, बारा तास अंधार. आणि झाड फुलावर येतं.

हे बघून माझ्या डोक्यात दोन प्रश्न आले. पहिला: हिमाचल, उत्तराखंडात हे झाड रस्त्याच्या कडेला तणासारखं वाढतं. मग त्याला खोली, पंखा, टाइमर असला व्हीआयपी थाट लागतो कशाला? दुसरा: ते बारा तास आले कुठून? ते कोणी शोधले?

उत्तरं शोधत गेलो तर वाटेत बंगालमधला एक रोप-पारखी भेटला, महायुद्धात मेलेला एक फ्रेंच शास्त्रज्ञ भेटला, कॅलिफोर्नियावर घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं भेटली आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले तीन खटले.

सुरू करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा 'कसं लावायचं' एपिसोड नाही. भारतात हे झाड कुंडीत लावणं हा गंभीर गुन्हा आहे. किती गंभीर, ते शेवटी सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत नसतं.

नौगावचा पोद्दार

आधी थोडं झाड समजून घेऊ. भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडं नाहीत. झाड एकच. पानांची होते भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा होतो गांजा आणि चिकाची होते चरस. आपल्याकडे 'तुळशीत भांग' अशी म्हण आहे, चांगल्या घरात निघालेल्या वाया गेलेल्या कार्ट्यासाठी. म्हणजे हे झाड न लावता, कुठेही, अगदी तुळशीशेजारीही उगवतं, हे आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होतं.

आता मुख्य मुद्दा. पपईसारखंच याचंही नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पण पपईत आपल्याला फळ हवं असतं, त्यामुळे नर झाड थोडं तरी लागतं. गांजात उलटं. नराचे पराग वाऱ्याने उडून मादीवर पडले की मादी बी धरते आणि तिची सगळी ताकद बियांत जाते. परागच मिळाले नाहीत तर फुलोरा वाढत राहतो, चिकट होत जातो. म्हणून नर वेळेत काढून टाकायचा. अडचण एवढीच, की रोप लहान असताना नर कुठला आणि मादी कुठली हे दिसत नाही. कळी यायला लागली की अगदी बारीक फरक दिसतो, आणि तेव्हा हाताशी फार दिवस नसतात. आजच्या त्या व्हिडिओतला पोरगा ज्या प्रश्नाने हैराण असतो, तो प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी बंगालमध्ये पगारी तज्ज्ञ सोडवत होते.

राजशाही जिल्ह्यातलं नौगाव. आज ते बांगलादेशात आहे. ब्रिटिश काळात बंगालमधली गांजाची शेती परवाना देऊन याच भागापुरती मर्यादित ठेवली होती. १८७७ साली हेमचंद्र केर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने या शेतीवर सविस्तर अहवाल लिहिला. वाफ्यात बी टाकायचं, रोपं तयार झाली की उपटून शेतात लावणी करायची. कोकणात भाताचा तरवा काढून लावतात, त्यातलाच प्रकार. मग थंडीच्या तोंडावर एक खास माणूस बोलवायचा. त्याला म्हणायचे पोद्दार किंवा परखदार. आपल्या 'पारखी' शब्दाचा भाऊच! इंग्रज त्याला चक्क 'गांजा डॉक्टर' म्हणत. हा माणूस ओळीओळीने शेतातून फिरायचा आणि नर झाडं मोडत जायचा. त्याची नजर चुकली तर अख्ख्या शेताचा माल बियाळ होणार.

पुढे १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत प्रश्न आला, की हिंदुस्थानात गांजाने माणसं बिघडतायत का? त्यावर नेमला गेला 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'. १८९३-९४ मध्ये या आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल दिला. त्यात आपलाही भाग येतो: मध्य प्रांतातलं खांडवा, मुंबई इलाख्यातले नगर आणि सातारा. आयोगाचा निष्कर्ष आज वाचताना चकित व्हायला होतं. माफक वापराने फारसं नुकसान होत नाही, अति वापराने होतं, आणि सरसकट बंदीची गरज नाही. कर लावा, परवाना द्या, लक्ष ठेवा.

म्हणजे १८९४ सालचं चित्र असं: झाड उघड्या शेतात, सूर्याच्या उजेडात, सरकारी नोंदवहीत. लपवायचं काही कारणच नाही. झाड घरात आणायचा विचार त्या काळी नौगावच्या शेतकऱ्याला कोणी सांगितला असता, तर त्याने सांगणाऱ्यालाच विचारलं असतं, 'बाबा, तू काय घेतलंयस?'

झाड रात्र मोजतं

आता टाइमरकडे येऊ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ज्युलियन तूर्नवा नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ दोन झाडांवर काम करत होता. एक जपानी हॉप, आणि दुसरं हेम्प, म्हणजे आपलंच झाड, ताग-सुतळीसारख्या धाग्यासाठी तिकडे पिकवलं जाणारं. त्याच्या लक्षात आलं, की ही रोपं हिवाळ्यात काचघरात लावली तर अगदी लहान असतानाच फुलावर येतात. वाढायच्या आधीच म्हातारी! त्याने रोपं झाकून ठेवली, दिवसाचे थोडेच तास उजेड दिला. तेच झालं. १९१२ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि पुढे त्याचं मत असं पडलं, की दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणं हे खरं कारण असावं. त्यानंतर पहिलं महायुद्ध सुरू झालं, आणि तूर्नवा त्यात मारला गेला. त्याचं काम तिथेच थांबलं.

धागा पुन्हा पकडला अमेरिकेत, गार्नर आणि ॲलर्ड या जोडीने. त्यांच्याकडे 'मेरिलँड मॅमथ' नावाची तंबाखू होती. ती माणसाच्या डोक्यावरून उंच जायची, पण उन्हाळाभर फूल म्हणून द्यायची नाही. आणि सोयाबीनचा एक वाण होता, 'बिलॉक्सी'. तो आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने वेगवेगळ्या दिवशी पेरला, तरी सगळा साधारण एकाच सुमाराला फुलायचा. लातूरकडच्या किंवा विदर्भातल्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल. पेरणी लांबली की सोयाबीन बुटकं राहतं, पण फुलावर यायचं काही थांबत नाही.

१९१८ च्या उन्हाळ्यात या दोघांनी एक अंधारी खोपटी बांधली. दुपारी चार वाजता झाडं आत, सकाळी नऊ वाजता बाहेर. म्हणजे दिवसाला सात तासच उजेड. तंबाखू फुलली! १९२० मध्ये त्यांचा निबंध आला आणि 'फोटोपिरिऑडिझम' हा शब्द जन्माला आला. झाडं ऋतू ओळखतात ते मुख्यतः थंडी-ऊन बघून नाही, तर दिवस-रात्रीची लांबी मोजून.

आणि तूर्नवाचा अंदाज? तोही खरा ठरला. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांच्या एका तणावर प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्ये फक्त एक मिनिट दिवा लावला, तर झाड फुलेना. कोड लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं: आत एक काउंटर आहे, तो अंधाराचे तास मोजतो आणि मध्ये उजेड पडला की शून्यावर जातो. शेवंतीच्या शेतात रात्री दिवे लावतात ते याचसाठी. फूल लांबवायचंय ना, मग झाडाला सलग रात्र मिळू द्यायची नाही.

म्हणजे अठरा-सहा आणि बारा-बारा ही कोणा गंजेडी पोराची युक्ती नव्हे. ते शेतीशास्त्राच्या सरकारी प्रयोगांमधून आलेलं ज्ञान आहे, आणि त्याचं पहिलं पान योगायोगाने याच झाडावर लिहिलं गेलं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. हे ज्ञान हाताशी आल्यावरही पुढची कितीतरी वर्षं कोणी गांजा खोलीत लावायच्या भानगडीत पडलं नाही. सूर्य फुकट असताना वीजबिल कोण भरेल?

कुंपण पुरेना

अमेरिकेत १९३७ मध्ये कर लावून गांजाची कोंडी केली गेली आणि १९७० च्या कायद्याने त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं. माल यायचा तो बहुतेक मेक्सिकोतून, उघड्यावर पिकलेला, बियाळ. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये निक्सन सरकारने मेक्सिकोच्या सीमेवर गाड्यांची कसून झडती सुरू केली. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या मदतीने मेक्सिकोतल्या शेतांवर पॅराक्वाट हे तणनाशक फवारलं गेलं. विष मारलेला माल नको म्हणून गिऱ्हाईक घाबरलं.

मग काय झालं असेल? जे कुठल्याही बंदीत होतं ते झालं. माल जवळ पिकायला लागला. उत्तर कॅलिफोर्नियातले हम्बोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी हे डोंगराळ जिल्हे 'एमराल्ड ट्रँगल', पाचूचा त्रिकोण, म्हणून प्रसिद्ध झाले. शहर सोडून आलेले हिप्पी तिथे झाडं लावायला लागले आणि त्यांच्या मालाला नाव पडलं 'सिन्सेमिया'. स्पॅनिशमध्ये अर्थ काय? बी नसलेला. म्हणजे नर झाडं काढून टाकायची! आमच्या पोद्दारचाच धंदा, नवा पत्ता.

आता सरकार आकाशातून बघायला लागलं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात 'कॅम्प' नावाची मोहीम सुरू झाली. हेलिकॉप्टरं डोंगरावरून फिरायची, हिरव्या रंगाचा वेगळा ठिपका शोधायची, माणसं खाली उतरून झाडं उपटायची. १९८५ पर्यंत अशी मोहीम पन्नासही राज्यांत पोचली.

याच काळात ते खटले आले. सांता क्लारा गावात एका माणसाने मागच्या अंगणात झाडं लावली होती. बाहेरचं कुंपण सहा फूट, आतलं दहा फूट. रस्त्यावरून काही दिसेना. पोलिसांनी छोटं विमान घेतलं आणि हजार फुटांवरून बघितलं. खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९८६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल: आकाशातून कोणालाही दिसू शकतं, त्यासाठी वॉरंट नको. मग दुसरा माणूस, फ्लोरिडातला. त्याने झाडं छपराखाली, काचघरासारख्या शेडमध्ये ठेवली. पण छपराचे दोन पत्रे गायब होते. चारशे फुटांवरून हेलिकॉप्टर गेलं, फटीतून झाडं दिसली. १९८९ मध्ये निकाल पुन्हा पोलिसांच्या बाजूने.

आता या दोन निकालांकडे झाड लावणाऱ्याच्या नजरेने बघा. कुंपण घातलं, चाललं नाही. अर्धवट छप्पर घातलं, चाललं नाही. मग उरलं काय? चार भिंती आणि पूर्ण छप्पर. सूर्य बाहेर ठेवूनच झाड लपवता येणार होतं.

तेव्हा, मंडळी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. झाडाला खोली नको होती. शेतकऱ्यालाही नको होती. झाड घरात ढकललं ते कायद्याने. आणि ते आत जगू शकलं, कारण तोवर विज्ञानाने त्याचं घड्याळ उलगडून ठेवलं होतं.

रस्त्यावरचा दिवा कपाटात

आत सूर्य नाही, मग उजेड कसला? आपल्या रस्त्यांवर एलईडी येण्याआधी पिवळे-नारिंगी सोडियम व्हेपरचे दिवे होते, आठवतायत? त्यांच्या उजेडात लाल गाडीसुद्धा तपकिरी दिसायची. हे हाय प्रेशर सोडियम दिवे साठच्या दशकात आले ते रस्ते आणि गोदामं उजळायला. विजेच्या मानाने उजेड भरपूर. काचघरात भाजी-फुलं पिकवणाऱ्यांनी ते उचलले आणि त्यांच्या मागोमाग गांजावाल्यांनी.

झाडही बदलावं लागलं. उष्ण प्रदेशातली उंच जात दहा-बारा फूट जाते, ती आठ फुटी खोलीत काय करणार? मग हिंदुकुशाच्या डोंगरातली बुटकी, रुंद पानांची, लवकर फुलणारी जात आणली आणि तिचा मेक्सिको-कोलंबियाच्या झाडांशी संकर केला. हॉलंडमध्ये १९७६ च्या कायदाबदलानंतर वातावरण सैल होतं, तिथून हे बियाणं जगभर पोस्टाने जायला लागलं. 'स्कंक' हे नाव तेव्हाचंच. म्हणजे झाडाची उंची शेवटी छताने ठरवली.

पुढे पोद्दारची नोकरीही गेली. फक्त मादी झाडं देणाऱ्या बिया बाजारात आल्या. आणि १९२४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी व्होल्गाच्या खोऱ्यातल्या एका रानटी, ठेंगण्या प्रकाराला 'रुडेरालिस' नाव दिलं होतं. तो रात्र मोजतच नाही, वय झालं की फुलतो. त्याचा संकर करून टाइमरचीही गरज नसलेल्या जाती काढल्या गेल्या. आजच्या नवख्याला म्हणूनच 'सोपं' वाटतं. त्याच्या एका बीमागे नौगावचं ज्ञान, तूर्नवाची रात्र, हिंदुकुशाची उंची आणि व्होल्गाचं रानटीपण असं सगळं बांधून दिलेलं असतं.

भिंतीतून दिसणारी उष्णता

झाड आत गेलं म्हणून पाठलाग थांबला का? नाही. पाठलागही आत आला.

२६ ऑक्टोबर १९८९, गुरुवार. अमेरिकेच्या डीईएने 'ऑपरेशन ग्रीन मर्चंट' केलं. ४६ राज्यांत धाडी. कोणावर? बागकामाचं सामान विकणाऱ्या दुकानांवर, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांवर. दिवे, खत, पंप विकणं बेकायदा नव्हतं. पण ठरावीक मासिकांत जाहिरात देणाऱ्या दुकानांचं गिऱ्हाईक कोण, हे कुरिअरच्या नोंदींवरून काढलं गेलं. आज आपण ज्याला मेटाडेटा म्हणतो, तोच हा. तुम्ही काय लावलंय हे माहीत नाही, पण तुम्ही काय मागवलंय आणि कुठे, हे माहीत आहे. त्या यादीत टोमॅटो लावणारेही असणारच.

सव्वादोन वर्षांनी, जानेवारी १९९२ मध्ये, ओरेगॉनमधल्या फ्लॉरेन्स गावात पहाटे तीनच्या सुमाराला सरकारी माणसं गाडीत बसून एका घराकडे थर्मल कॅमेरा रोखून बसली होती. गॅरेजचं छप्पर आणि एक भिंत बाकी घरापेक्षा गरम दिसत होती. हजार-हजार वॉटचे दिवे थोडीच थंड राहणार! वीजबिलं, मिळालेल्या खबरी आणि ही उष्णता यांच्या जोरावर वॉरंट मिळालं. आत शंभराहून जास्त झाडं निघाली.

हा खटला 'कायलो विरुद्ध अमेरिका'. जून २००१ मध्ये निकाल लागला, पुन्हा पाच विरुद्ध चार, पण या वेळी उलटा. सामान्य लोकांच्या वापरात नसलेलं यंत्र वापरून घराच्या आतलं काही जाणून घेणं म्हणजे झडतीच, त्याला वॉरंट हवं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया डाव्या विचारांचे अजिबात नव्हते. त्यांचा मुद्दा असा होता, की असं यंत्र उद्या घरातली बाई रोज किती वाजता आंघोळ करते हेही सांगेल. घराच्या आतली कुठलीच गोष्ट क्षुल्लक नसते.

मला या सगळ्या इतिहासातला हा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील कोर्टासमोर विजेच्या स्मार्ट मीटरचा प्रश्न आला. दर पंधरा मिनिटांनी घरातल्या विजेची नोंद घेणं ही झडती आहे का? कोर्टाने कायलोचा आधार घेतला आणि म्हटलं, हो, ही झडतीच आहे. अर्थात त्या प्रकरणात ती वाजवी आहे असंही म्हटलं. आपल्याकडेही आता स्मार्ट मीटर बसतायत. त्यावर वाद होतो तो बिल वाढेल का यावर. पण घर कधी जागं असतं, कधी रिकामं असतं, हे मीटर सांगू शकतं, ही चर्चा आपल्याकडे फार कमी होते. ती चर्चा जगात सुरू झाली ती एका गॅरेजमधल्या गांजाच्या झाडांमुळे. झाड आवडो न आवडो, भिंतीच्या आतलं आयुष्य कोणाचं, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

बिल कोणी भरलं?

झाड घरात आणण्याची किंमतही मोजावी लागली. पहिली किंमत तीव्रतेची. जागा कमी, धोका जास्त, मग कमीत कमी जागेत जास्तीत जास्त जोरदार माल काढायचा. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १९९५ मध्ये सरासरी सुमारे ४ टक्के होतं. २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. दारूबंदीत बिअरपेक्षा हातभट्टी परवडते, तोच हिशेब. 'हे तर आपले साधू पूर्वापार घेतायत' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: उघड्या शेतातला तेव्हाचा गांजा आणि खोलीतला आजचा गांजा एकच वस्तू नाही.

दुसरी किंमत विजेची. इव्हान मिल्स या ऊर्जा-संशोधकाचा २०१२ चा अभ्यास आहे. त्याच्या अंदाजाने अमेरिकेतली बंद खोलीतली गांजाशेती देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे १ टक्का वीज खात होती, वर्षाला सुमारे ६ अब्ज डॉलरची. एक किलो मालामागे ४६०० किलो कार्बन डायऑक्साइड! रस्त्याच्या कडेला फुकट वाढणाऱ्या झाडासाठी.

आणि गंमत म्हणजे, कायदा बदलल्यावरही झाड पूर्ण बाहेर आलं नाही. कोलोरॅडोमध्ये २०१४ च्या १ जानेवारीपासून दुकानात विक्री सुरू झाली, तरी मोठमोठी गोदामं दिव्यांखालीच चालू राहिली. गिऱ्हाइकाला खोलीतल्या मालाची सवय लागली, उद्योगाला वर्षभर सारख्या पिकाची. कायद्याने लावलेली सवय कायदा गेल्यावर सुटतेच असं नाही.

आजचा नवखा, तिथला आणि इथला

आता परत त्या व्हिडिओतल्या पोराकडे जाऊ. तो कॅनडात असेल तर १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशाचा कायदा घरटी चार झाडं लावू देतो. पण क्यूबेक प्रांताने घरी लावायला बंदीच घातली आणि २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली. जर्मनीत असेल तर १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडं. उरुग्वेत सहा, नोंदणी करून. दक्षिण आफ्रिकेत २०१८ मध्ये घटनापीठाने खासगी जागेत स्वतःपुरतं लावण्याला मोकळीक दिली, आणि आधार काय घेतला? खासगीपणाचा हक्क. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे, पण केंद्राचा कायदा अजून मान्यता देत नाही आणि व्हिसा देणारं केंद्रच असतं. तिकडे शिकायला गेलेल्या श्रोत्यांनी हे विसरू नये.

आणि तो पोरगा पुण्यात किंवा नवी मुंबईत असेल तर? इथे लागतो १९८५ चा एनडीपीएस कायदा. या कायद्यात 'गांजा' म्हणजे फुलोरा. त्यामुळे पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहते, आणि तिच्याबद्दल राज्यांचे आपापले नियम आहेत. यावरून पुष्कळांचा समज होतो, की फूल आलं नाही तोवर कुंडीतलं रोप म्हणजे निव्वळ शोभेचं झाड. चूक. लागवडीबाबत कायदा 'गांजा' नव्हे तर 'कॅनबिसचं कुठलंही झाड' असं म्हणतो. कळी यायची वाट तो बघत नाही. लागवडीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाळगण्याच्या गुन्ह्यात थोडी मात्रा, मोठी मात्रा असे टप्पे आहेत. लागवडीत तसे टप्पे नाहीत. आणि जाणूनबुजून आपली जागा त्यासाठी वापरू देणाराही कायद्यात अडकतो, म्हणजे फ्लॅटमेटच्या कुंडीकडे 'मला काय त्याचं' म्हणून बघता येत नाही. धाग्या-बियांसाठीच्या कमी टीएचसीच्या हेम्पला २०१८ पासून उत्तराखंडात परवाना मिळतो, पण तो शेतीचा परवाना आहे, बाल्कनीचा नव्हे.

ही शिक्षा रास्त आहे का? माझं मत सांगतो. एका कुंडीला आणि टोळीच्या शेताला एकाच कलमात बसवणं मला पटत नाही. पण 'हे तर नैसर्गिक आहे' हा युक्तिवादही पटत नाही, कारण आजच्या इतिहासात आपण पाहिलं, खोलीतल्या त्या झाडात नैसर्गिक फारसं उरलेलं नाही. त्याची उंची छताने ठरवली, फुलण्याची वेळ टाइमरने, ताकद बंदीने. १८९४ च्या आयोगाने निदान हजारभर माणसांना विचारून मत बनवलं होतं. आपण १९८५ चा कायदा केला, त्याला चाळीस वर्षं झाली. एकदा बसून, माणसांना विचारून, पुन्हा बघायला काय हरकत आहे? बंदी ठेवायची तर ठेवा, पण कशासाठी आणि कोणासाठी, हे तरी स्वच्छ कळू दे.

तोपर्यंत, घरात झाड लावायचंच असेल तर शेवंती लावा. तीही रात्र मोजते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडणार नाही अशा कोपऱ्यात कुंडी ठेवा आणि दिवाळीच्या आसपास कळ्या धरतात का बघा. तूर्नवाचा प्रयोग, आणि पोलिसांचं भय नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये याच वाटेने थोडं मागे जाऊ: माळव्याची अफू आणि तिच्यावर उभी राहिलेली मुंबई. मुद्दे खोडायचे असतील तर खोडा, मला आवडतं. भेटू. काळजी घ्या.